मले बी छत्र पाहिजे!

जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलं. १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत, आमच्या चौथीतला सेनापती ऐनवेळी रुसून बसला. “गुरुजी, मले बी छत्र पाहिजे!”

कसं देणार? छत्र फक्त राजाचं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांनी ते धारण केलं, म्हणून ते छत्रपती. मानाच्या सरदारांना अब्दागिरी मिळे. लांब दांड्याची, पानाच्या आकाराची. तीच पुठ्ठ्याची करून दिली, तेव्हा कुठे स्वारी उठली!

राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलानं सिंहासनाशेजारी भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू पाहिला. ती न्यायाची खूण. आमचा तराजू किराणा दुकानातला. तो धरायला मात्र कुणीच भांडलं नाही.