गाऊटची नवी गोळी: बातमी वाचा, पण घाई नको

मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. तुमच्या घरी बाबांना किंवा आजोबांना हा त्रास असेल, तर ‘गाऊटवर नवं औषध येतंय’ हे वाचून हायसं वाटणारच. पण जरा थांबा.

नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यात साधारण २० ते १०० जण असतात, तेही बहुधा निरोगी. तिथे बघतात ते एवढंच: औषध शरीराला झेपतं का आणि किती मात्रेत? गुण येतो का, हे पुढच्या टप्प्यांत कळतं. बेन्झब्रोमॅरोन युरिक ॲसिड छान उतरवायचं, तरी यकृताला इजा होते म्हणून २००३ मध्ये कंपनीने ते अनेक देशांतून मागे घेतलं.

उद्या इथे जबलपुरात कुणी चाचणीत यायला सुचवलं, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियावर तिची नोंद बघा. २००९ पासून ती सक्तीची आहे. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा, घरच्यांसोबत नीट वाचा. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुमचाच.

तोवर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि आपली खव्याची जिलेबी? सणासुदीला, एखादीच!