विश्लेषण : आईचा आधीपासूनचा मधुमेह बाळासाठी धोक्याचा का? साखर कधी तपासावी?

येडशीसारख्या गावात गरोदरपणाची गोष्ट पाळी चुकल्यावर सुरू होते. आधी किटवर तपासणी, मग आशाताईंकडे नोंद, मग आरोग्य केंद्रात रक्त-लघवी. अनेकींच्या रक्तातील साखर पहिल्यांदा मोजली जाते ती इथेच. मात्र मधुमेह आधीपासून असेल आणि आटोक्यात नसेल, तर तोवर बाळाच्या घडणीवर परिणाम होऊन गेलेला असू शकतो.

पहिले काही आठवडेच का?

मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. हृदयाची मुख्य रचना आठव्या आठवड्यापर्यंत होऊन जाते. पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. म्हणजे ती नळी बंद व्हायला आणखी दोनच आठवडे उरतात. घरात बातमी कुणाला सांगायची हे ठरेपर्यंत तेही निघून जातात. आईच्या रक्तातील जादा साखर गर्भापर्यंत पोहोचते आणि ती आवरायला गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड अजून तयार झालेले नसते. अवयव घडवणाऱ्या जनुकांच्या कामात त्यामुळे अडथळा येतो.

धोका किती?

एरवी १०० पैकी दोन ते तीन बाळांत गंभीर जन्मजात दोष आढळतो. आईला आधीपासून मधुमेह असल्यास हे प्रमाण सहा ते बारापर्यंत जाते. हृदयाचे आणि मणक्याचे दोष त्यात ठळक. तरीही बहुतेक बाळे निरोगी जन्मतात, आणि धोका कमीही करता येतो. पूर्व जर्मनीतील कार्ल्सबुर्ग येथील १९८३चा अभ्यास याबाबत आजही सांगितला जातो. गर्भधारणेआधीच साखर आटोक्यात आणलेल्या १२८ मातांपैकी एकीच्या बाळात दोष आढळला. आठव्या आठवड्यानंतर उपचारांना आलेल्या २९२ मातांमध्ये अशी बाळे २२ होती.

गरोदरपणातच होणारा मधुमेह वेगळा. तो बहुधा २४व्या आठवड्यानंतर दिसतो, तेव्हा अवयव तयार झालेले असतात. बाळाचे वजन वाढणे, प्रसूती अवघड होणे हे त्याचे त्रास. अडचण अशी, की ‘गरोदरपणातला’ म्हणून सापडलेला मधुमेह कधी कधी जुनाच असतो, फक्त आधी कुणी तपासलेला नसतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे.

सरकारी तपासणी पुरेशी आहे का?

पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजावी, असे केंद्राचे निर्देश आहेत. १४० किंवा जास्त आल्यास मधुमेह धरतात. दर महिन्याच्या ९ तारखेचे ‘सुरक्षित मातृत्व अभियान’ दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. ते उपयोगाचे आहेच, पण या प्रश्नासाठी उशिराचे. २०२२च्या नवरात्रात राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत १८ वर्षांवरील महिलांची तपासणी केली. दिशा तीच हवी, फक्त वर्षातून एकदा नव्हे.

मग काय करावे?

मधुमेह असलेल्या महिलेने मूल हवे असे ठरवल्यावर आधी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी तपासावी. ती ६.५च्या खाली असणे चांगले. १०च्या वर असल्यास गर्भधारणा लांबवण्याचा सल्ला दिला जातो. मराठवाड्यात नेहमी आढळणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहावी. फॉलिक ॲसिड पाळी चुकण्याआधीच सुरू करायचे असते. मधुमेहात त्याची मात्रा जास्त लागू शकते, ती डॉक्टरच ठरवतील. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या बदलाव्या लागतात, पण मधुमेहाचे औषध स्वतःहून बंद करू नये. लग्नाआधी मुलीची ‘शुगर’ लपवली गेली असेल, तर यातले काहीच वेळेवर होत नाही. अशा घरात आशाताईंशी एकांतात बोलणे हा मार्ग उरतो.

गर्भ राहिल्यावर साखर जास्त निघाली, तरी त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास हृदयाची इको तपासणी होते. त्यासाठी येडशीहून धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागू शकते, त्यामुळे तारीख आधीच घेऊन ठेवावी.