एरर गेला, पण डेटा कुठं गेला?

तालुक्याच्या गावात बसून सॉफ्टवेअरची कामं करणारी पोरं आता कमी राहिली नाहीत. पतसंस्थेचं कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर, कृषी सेवा केंद्राचं बिलिंग, शाळेच्या फीचा हिशोब, डेअरीचं दहा दिवसांचं पेमेंट. पुण्या-मुंबईच्या कंपन्या ही कामं घेत नाहीत, आणि घेतलीच तर आपल्याला परवडत नाहीत. ती हीच पोरं करतात. आता यातल्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडी दिसते. तिच्यात साध्या भाषेत सांगायचं, "व्याजाचा हिशोब चुकतोय, बघ जरा," की एआय स्वतः फायली उघडून वाचतं आणि कोड दुरुस्त करून देतं.

ही खिडकी चालत नाही तेव्हा काय होतं, त्याबद्दल आज लिहितोय. विषय टेक्निकल वाटेल. पण पतसंस्थेत तुमची ठेव असेल, आधार-पॅनची झेरॉक्स दिलेली असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट साफ करू. टूल लॅपटॉपवर असतं, पण त्याचं डोकं लॅपटॉपवर नसतं. क्लॉड कोड म्हणा, कोडेक्स म्हणा, जेमिनी सीएलआय म्हणा, कमांड लाईनवरची ही टूल प्रश्न आणि फायलींचा मजकूर दूरच्या सर्व्हरवरच्या मॉडेलला पाठवतात आणि उत्तर घेऊन येतात. हे मॉडेल थेट बनवणाऱ्या कंपनीकडून घेता येतं, किंवा अ‍ॅमेझॉनच्या बेडरॉक, गूगलच्या व्हर्टेक्स एआय अशा क्लाउडमधून. क्लाउडचं खातं आधीपासून असेल तर बिल एकाच ठिकाणी येतं, हिशोब सोपा पडतो. म्हणून पोरं तिकडे वळतात आणि तिथेच अडकतात.

का अडकतात, ते आपल्या भाषेत सांगतो. सातबारा काढायला गेलात तर गट नंबर बरोबर असून भागत नाही, गाव बरोबर लागतं. शेजारच्या गावात तोच गट नंबर दुसऱ्याच माणसाच्या नावावर असतो, किंवा नसतोच. क्लाउडचंही तसंच. मॉडेलचं नाव म्हणजे गट नंबर, आणि रीजन म्हणजे गाव. एखादं मॉडेल अमेरिकेतल्या रीजनमध्ये असतं आणि मुंबईत नसतं. यूट्यूबवरचा माणूस अमेरिकेतल्या रीजनची सेटिंग दाखवतो, आपलं पोरगं मुंबईच्या रीजनमध्ये तेच नाव टाकतं, आणि उत्तर येतं, असं मॉडेल सापडलं नाही. नावात तर अक्षर न् अक्षर बरोबर! बरं, या नावांत पुष्कळदा तारखाही असतात, आणि जुनी मॉडेल बंद होत जातात. वर्षापूर्वीच्या व्हिडिओतलं नाव आज टाकलं तर तीच बोंब.

एररच्या आकड्यांनाही अर्थ असतो, पण तो कुणी शिकवत नाही. ४०१ म्हणजे तू कोण आहेस ते पटलं नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण तुला परवानगी नाही. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही. ४२९ म्हणजे वस्तूही आहे, परवानगीही आहे, पण तुझा कोटा संपला, थांब. नव्या खात्याचा कोटा बऱ्याचदा इतका तोकडा असतो की सगळं बरोबर करूनही ४२९ येतो आणि पोरगं पुन्हा पहिल्यापासून सेटिंग उकरत बसतं.

आमच्याच गावातल्या एका पोराबरोबर मी तीन संध्याकाळ बसलो. टूल कुठलं, क्लाउड कुठला, ते इथे महत्त्वाचं नाही. पहिल्या दिवशी कळलं, की रीजन त्याने एका खिडकीत सांगितलं होतं आणि टूल दुसऱ्या खिडकीत चालू केलं होतं. असं सांगणं त्या खिडकीपुरतंच असतं, खिडकी बंद झाली की गेलं. दुसऱ्या दिवशी लॉगिनची मुदत संपलेली निघाली, ती काही तासांचीच असते. तिसऱ्या दिवशीचं खरं मजेदार. टूल चालायचं, दोन मिनिटांनी पडायचं. कारण अशी टूल मोठ्या मॉडेलबरोबर बारीकसारीक कामांना एक छोटं, स्वस्त मॉडेलही वापरतात. परवानगी मोठ्याची घेतली होती, छोट्याची राहिली होती. म्हणजे साहेबांची सही आहे, पण शिपाई फाईल आत घेत नाही. सरकारी ऑफिसात वीस वर्षं बातम्या केल्यामुळे हे मला त्या पोराआधी पटलं, एवढंच.

इथपर्यंत डोकेदुखी फक्त पोराची. तुमची-आमची सुरू होते ती यापुढे.

वैतागलेला माणूस एरर का आला हे शोधत नाही, एरर कसा जाईल ते शोधतो. आणि इंटरनेटवर दोन उपाय हमखास मिळतात. पहिला, खात्याला सगळ्याच परवानग्या देऊन टाक. एका कपाटाची किल्ली चालेना म्हणून संस्थेच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा लॅपटॉपला बांधायचा, असा हा प्रकार. ४०३ जातो हे खरं. पण त्याच क्लाउड खात्यात संस्थेच्या डेटाबेसचा बॅकअप पडलेला असतो, आणि आता त्या लॅपटॉपवरून तोही उघडता येतो, पुसताही येतो. तो लॅपटॉप संध्याकाळी धाकट्या भावाच्या हातात असतो. आणि किल्लीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेस्ट करून "दादा, बघा ना काय चुकतंय" विचारणारे मी स्वतः बघितलेत.

दुसरा उपाय जास्त गुळगुळीत आहे. काही क्लाउडवर नवी मॉडेल साध्या नावाने मिळतच नाहीत. नावापुढे एक छोटा शब्द लावावा लागतो, आशिया-पॅसिफिकचा किंवा ग्लोबलचा. तो लावला की एरर जातो, पोरगं खूश. पण त्या शब्दाचा अर्थ असा, की तुमची विनंती जिथे जागा असेल तिथे पाठवली जाईल. आशिया-पॅसिफिक असेल तर सिंगापूर, टोकियो, सिडनी. ग्लोबल असेल तर आणखी कुठेही. डेटा तिथे कायमचा ठेवला जातो असं मी म्हणत नाही. वाटेत तो कुलूपबंद असतो हेही खरं. पण प्रक्रिया भारताबाहेर होऊ शकते. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, त्यामुळे "आमचा सर्व्हर मुंबईत आहे" हे वाक्य संचालकांना सर्रास ऐकवलं जातं. बॅकअपपुरतं ते खरं असेलही. एआयपुरतं खरं असेलच असं नाही.

आता हे टूल ज्या फोल्डरमध्ये चालवलं, त्यात सभासदांची यादी पडली असेल तर? तपासायला म्हणून खरीच यादी ठेवतात आपली पोरं, खोटी बनवायला वेळ कुणाला आहे! टूलला गरज वाटली तर ते ती फाईल वाचतं, आणि वाचलं म्हणजे मजकूर मॉडेलकडे गेला. कुणाचं कर्ज थकलं, जामीनदार कोण, मोबाईल नंबर काय, सगळं.

हे बेकायदा आहे का? सरसकट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने डेटा देशाबाहेर न्यायला सरसकट बंदी घातलेली नाही. सरकार ठरावीक देशांवर निर्बंध घालू शकतं, एवढंच. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. पण सभासदाच्या माहितीची जबाबदारी त्या कायद्याने संस्थेवर टाकली आहे, कंत्राटावर काम करणाऱ्या पोरावर नाही. आणि माझं भांडण इथेच आहे. डेटा कुठे जाणार हा निर्णय संचालक मंडळाने घ्यायचा. तो घेतला जातोय रात्री साडेअकराला, एरर घालवण्यासाठी, एक शब्द टाईप करून. इतिवृत्तात त्याची नोंद नाही. ज्याने टाईप केला त्यालाही माहीत नाही.

पोरांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. त्यांना शिकवलं काय? केंद्राने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला दहा हजार कोटींच्या वर मंजूर केले. त्यात संगणकशक्ती आहे, स्टार्टअप आहेत, प्रशिक्षणही आहे. आमच्या भागात ते उतरतं ते एक दिवसाच्या कार्यशाळेच्या रूपात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, एआयकडून कविता लिहून घेणं, सर्टिफिकेट, फोटो. फोटो मीच छापतो. परवानगी किती द्यावी, रीजन म्हणजे काय, बिलाची मर्यादा कशी लावावी, खऱ्या डेटाऐवजी नमुन्याचा डेटा का ठेवावा, यावर एक तास दिलेला मी अजून बघितला नाही. कविता कमी करून तो तास द्या की.

आणि पतसंस्थांनी तरी काय विचारलं? सॉफ्टवेअरचं कंत्राट देताना पैसे किती आणि कधी होईल, हे दोनच प्रश्न असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. अहवाल छापून येईल, लाभांशावर खडाजंगी होईल, चहा-नाश्ता होईल. यंदा कुणीतरी उभं राहून विचारा: सॉफ्टवेअरवाल्याकडे आमची खरी यादी आहे का, तो एआय वापरतो का, आणि वापरत असेल तर कुठल्या रीजनमधलं? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. चेअरमन साहेबांना लगेच सांगता आलं नाही तरी चालेल, आठ दिवसांची मुदत द्या.

ही कामं करणारं कुणी वाचत असेल तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा, तुम्ही काय काळजी घेता ते. एररचे स्क्रीनशॉट टाका, मला कळलं नाही तरी कळणारी माणसं इथे आहेत. फक्त किल्ली दिसणारा भाग झाकून टाका रे बाबांनो.