खोताच्या जमिनीवर कुळाचे घर

मुक्त सॉफ्टवेअरसाठी श्रमदान करणारी मंडळी आपले घर कोणाच्या जमिनीवर उभारीत आहेत, याचे भान त्यांच्यापैकी बहुतेकांना उरलेले नाही. प्रकल्पाचे संकेतस्थळ हा त्याचा चव्हाटा. ते बहुधा साध्या मजकुराच्या फायलींतून सिद्ध होते. त्याला ना डेटाबेस लागतो, ना महागडा सर्व्हर. या फायली गिटच्या भांडारात ठेवायच्या, कोणता बदल कोणी, केव्हा, कशासाठी केला याची नोंद तेथेच राहते, आणि बदल भांडारात पोचताच पाने आपोआप प्रसिद्ध होतात. या पद्धतीशी भांडण नाही. भांडण आहे ते ही पद्धत एका मक्तेदाराच्या दावणीला बांधण्याशी.

मुळात गिटचा जन्म कशातून झाला? लिनक्सचे विकसक बिटकीपर या खासगी साधनावर विसंबून होते. २००५ साली मालक कंपनीने त्यांची फुकट सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट रचले. प्रत्येक साथीदाराच्या यंत्रावर संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असावी, कोणतेही एक केंद्र अपरिहार्य नसावे, हा त्या रचनेचा गाभा होय. आणि त्याच गिटच्या आधारे पुन्हा एक केंद्र उभे राहिले! २००८ पासून पाने फुकट प्रसिद्ध करून देणारे गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरांना विकत घेतले. एवढी किंमत कशाची? लक्षावधी श्रमिकांच्या तेथील वहिवाटीचीच.

या वहिवाटीला कायद्याचे संरक्षण मात्र नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपुढे मान तुकवून गिटहबने इराण, सीरिया व क्रिमिया येथील विकसकांच्या खात्यांवर बंधने घातली. क्रिमियातील एका विकसकाचे तेथे ठेवलेले संकेतस्थळ दिसेनासे झाले. अपराध काय, तर तो त्या भूमीवर राहतो. इराणी विकसकांना पूर्ण सेवा पुन्हा मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, तीही वॉशिंग्टनने परवाना दिल्यावर.

'फुकट मिळते, सोयीचे आहे, मग बिघडले कुठे?' असा प्रश्न केला जातो. फायली उचलून कोठेही नेता येतात, हे खरेच. पण पत्ता नेता येत नाही. कंपनीच्या नावाचे शेपूट असलेला पत्ता जगभरच्या पुस्तकांत, लेखांत, इतर प्रकल्पांत एकदा रुजला की घर सोडणाऱ्याला आपले वाचकही मागे सोडावे लागतात. खोताला याहून अधिक काय हवे?

स्वतःच्या डोमेन नावाला वार्षिक शुल्क पडते. ते वर्गणीतून सहज निघते. एकाच भांडाराचे बदल दोन ठिकाणी पाठविण्याची सोय गिटमध्ये पहिल्यापासून आहे. बर्लिनची कोडबर्ग ही सभासदांची नोंदणीकृत संस्था भांडारे सांभाळते आणि स्थिर पानेही प्रसिद्ध करते. तेव्हा प्रकल्पांच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच असावा: पत्ता कोणाच्या नावावर आहे? तो एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत नावावर असेल, तर तोही आधी प्रकल्पाच्या नावे करून घ्यावा.