दोन अपत्यांची अट आणि गिरणगावाचा धडा

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्याकडे पिकापाण्याच्या आधी लेकराबाळांची चौकशी सुरू होते. उमेदवाराने गावासाठी काय केले, त्याला हिशेब कळतो का, हे मागे पडते. "तिसरं कधीचं?" हा पहिला सवाल. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त अपत्ये झाली असतील तर गडी बाद. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरताना असे तंटे बरेच पाहिले. त्यातला एक मनातून जात नाही.

राखीव जागेवर निवडून आलेली एक सदस्या. बचतगट चालवणारी, पाणलोटाच्या कामावर स्वतः उन्हात उभी राहणारी. पदरी दोन मुली आणि घरात वंशाच्या दिव्याचा हट्ट. तिसरे बाळंतपण झाले, विरोधी पार्टीने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला आणि बाईचे पद गेले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की मूल हवे की नको हे आपल्याला कुणी विचारलेच नाही, शिक्षा मात्र आपल्याला झाली. यावर काय बोलावे हे मला सुचले नाही.

लोकसंख्या आटोक्यात असावी याबद्दल दुमत नाही. चार एकराचे चार वाटे झाले की बांधच जास्त आणि पीक कमी, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. प्रश्न आहे तो रस्त्याचा. त्यासाठी मुंबईच्या गिरगाव-परळकडे पाहावे लागेल. या देशात कुटुंब नियोजनाची पेरणी तिथेच झाली.

र. धों. कर्वे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे. गिरगाव चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे या कामापायी नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले, पुढे दादरला घर बांधलेले. गिरणीत राबणाऱ्या बायांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १९२८ साली त्यांनी विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ साली त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आला, तो मात्र फेटाळला गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्वे आणि बाबासाहेब या दोघांनीही आधी बाईची प्रकृती आणि बाईची इच्छा पाहिली. देशाचा आकडा नंतर.

सरकार या कामात उतरले १९५२ साली. त्याच वर्षी मुंबईत जगभरच्या कुटुंब नियोजनवाल्यांची परिषद भरली. हळूहळू बाईची इच्छा बाजूला पडली आणि उद्दिष्टाचा तक्ता पुढे आला. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रे उघडली. आणीबाणीत तर कहर झाला. १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्याच वर्षी तो आकडा १० लाखांच्याही खाली आला. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या पिढीने त्या काळात 'केस' आणण्यासाठी कशी धावपळ केली, हे जुनी माणसे अजून सांगतात.

उद्दिष्टाचा तक्ता कसा भरतो हे आम्हा खात्यातल्या माणसांना ठाऊक आहे. कागदावर पेरणी शंभर टक्के आणि रानात उगवण नाही, अशातली ती गत. शिवाय पुरुष या प्रकरणाला असा भ्याला, की सगळे ओझे बायकांवर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही.

मग कुटुंबे लहान झाली कशाने? लालबाग-परळच्या चाळीकडे पाहा. आपल्या घाटावरचा आणि कोकणातला माणूस गिरणीत गेला. दहा बाय दहाची खोली, ठरलेला पगार, पोरांना शाळा, आणि आजारी पडले तर जवळ के. ई. एम. आणि वाडिया इस्पितळ. जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली, पोरगी मॅट्रिकपर्यंत शिकू लागली, की दोनावर थांबायला शिपाई लागत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण ही समज गावाकडे आलीच. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ साली २.९ होती, २०१९-२१ मध्ये १.७ झाली. पिढी टिकायला २.१ लागतात. म्हणजे जे साधायचे होते ते साधून आपण खाली आलो आहोत.

दुसरा आकडा मात्र मान खाली घालायला लावतो. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २०११ साली ८९४. दोनच मुले, आणि त्यात एक मुलगा हवाच, म्हटले की कुऱ्हाड मुलीवर पडते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा आपण केला, तरी ही गत.

दोन अपत्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणाच्या प्रकरणात वैध ठरवली आहे. तेव्हा कायदा आहे तोवर पाळलाच पाहिजे. पण आंध्र प्रदेशाने २०२४ साली स्थानिक निवडणुकांतली ही अट काढून टाकली. आपल्यालाही फेरविचार करायला हरकत नसावी. ज्या अटीचे काम संपले, ती आता फक्त भावकीच्या राजकारणाचे हत्यार उरली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ग्रामसेवकांनी ही अट निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, आधीच ग्रामसभेत वाचून दाखवावी. मूल दत्तक दिले तरी ते मोजणीतून सुटत नाही, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, तेही सांगावे. पदासाठी जन्म लपवू नये. २१ दिवसांच्या आत नोंद करावी, नाहीतर लसीकरणापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत त्या लेकराचेच हाल होतात. आणि पुरुष मंडळींनी बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेची भीती सोडावी. त्याच दिवशी घरी येता येते आणि थोड्या विश्रांतीनंतर कामालाही लागता येते.

राहता राहिली आमची ती सदस्या. पद गेले तरी बचतगट तिने सोडलेला नाही. गावाने एवढे करावे, की पुढच्या वेळी कुण्या बाईला तिसऱ्याचा हट्ट झाला, तर जाब तिला विचारण्याआधी तिच्या घरच्यांना विचारावा.