टाळ थांबेपर्यंत आरती नाही

आज आषाढी एकादशी. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी पंढरपुरात पोचली आहे, गावोगावच्या दिंड्या आल्या आहेत आणि चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नाही. वारीतल्या भक्तीबद्दल दरवर्षी लिहिले जाते, आणि ते लिहिले जायलाच हवे. यंदा आम्हाला वारीतल्या एका रिवाजाबद्दल लिहावेसे वाटते. तो आहे माउलींच्या सोहळ्यातील समाजआरतीचा.

दिवसभराची वाट चालून पालखी मुक्कामाच्या तळावर येते. दिंड्या तिच्याभोवती गोल धरून उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर टिपेला गेलेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि तो सगळा समुदाय एकाएकी शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती शांत होत नाही, टाळ वाजवत राहते. पाण्याचा टँकर मिळाला नसेल, राहुट्यांची जागा दुसऱ्या कोणी धरली असेल, चालण्याचा क्रम मोडून कोणी मध्ये शिरले असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, वाट काढतात. तिचा टाळ थांबला की हरवल्या-सापडल्याची माहिती आणि उद्या निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती होते. एका दिंडीच्या टँकरसाठी लाखोंची आरती खोळंबते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

सगळ्यांचा एकत्र विचार म्हटला की उंचावर बसून सगळे एका नजरेत पाहणारा कोणी शहाणा माणूस डोळ्यांपुढे येतो. असा विचार करायचा कसा, हा प्रश्न वारीने वेगळ्या बाजूने सोडवला आहे. सगळे एकट्याला दिसणार नाही, हे ती धरूनच चालते. त्याऐवजी ज्याला टोचते आहे त्याला सगळ्यांना थांबवण्याचा हक्क तिने दिला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारातले सरदार हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढच्या २७ दिंड्या आणि मागच्या शेकडो, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. दिंडीतही तसेच: पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया. भिशीतून भरलेला शिधा आणि तंबूंचा ट्रक सकाळीच पुढच्या तळावर गेलेला असतो. स्वयंपाक करणाऱ्यांची चूल वेळेवर पेटली नाही तर संध्याकाळी टाळकऱ्याच्या हातात बळ उरत नाही. हे एकमेकांवर अवलंबून असणे तिथे रोज पोटाला कळते, म्हणूनच बहुधा तक्रारीला मान आहे.

थांबून प्रत्येकाचे ऐकण्याचा उपयोग शस्त्रक्रियागृहातही दिसला आहे. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत गेले, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबायचे, मोठ्याने विचारायचे. खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हाही त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. ज्या परिचारिकेने एकदा आपले नाव सांगितले आहे, तिला ‘डॉक्टर, थांबा’ म्हणणे सोपे जाते, असे आम्हाला वाटते. आपल्या किती कचेऱ्यांत, कारखान्यांत, शाळांत शिपाई किंवा कंत्राटी कामगार हे म्हणू शकतो? बैठकीत सगळे माना डोलावतात आणि खरे बोलणे चहाच्या टपरीवर होते, हा अनुभव कोणाला नवा नाही.

घरातही एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असते. एखादी सासू वारीला निघते, कारण मागे राहिलेली सून धारा काढते, नातवंडांचे डबे करते, पेरणीच्या मजुरांना भाकरी पोचवते. वारीचे पुण्य दोघींचे आहे, हे मोठ्याने म्हणणारी घरे आहेत; ती वाढली पाहिजेत.

पण ज्या वारीने हा रिवाज जपला, तिच्याच वाटेवर एक टाळ कित्येक वर्षे वाजतो आहे आणि त्याच्यापाशी कोणी जात नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला आहे. वारकरी त्यातच स्नान करून निघतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत शिरते, मुळा-मुठा पुढे भीमेत येते, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन हे सगळे पाणी उजनीत साठते. धरणाखाली तीच भीमा पंढरपुरात वळण घेते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडले जाते. म्हणजे आळंदीत ज्या पाण्याला नाक मुरडून वारकरी निघाला, ते पाणीही दुसऱ्या वाटेने पंढरपूरच्या दिशेने निघालेले असते.

यात महापालिका आहेत, औद्योगिक वसाहती आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, जलसंपदा खाते आहे. प्रत्येकाची फाइल वेगळी. पिंपरी-चिंचवडमध्ये मैलाशुद्धीकरणाचा निर्णय होतो तेव्हा पंढरपूरचा कोळी किंवा उजनीकाठचा मासेमार त्या खोलीत नसतो. यात्रेनंतर पंढरपुरात माणसांना हाताने मैला उचलावा लागत असे, हे गाऱ्हाणेही मुंबई उच्च न्यायालयात न्यावे लागले, तेव्हा कुठे ऐकले गेले. त्या सफाई कामगारांचा टाळ चोपदारांच्या कानी आधीच पडायला हवा होता.

आज पहाटेच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्री पंढरपुरात असतात. वर सांगितलेल्या सगळ्या यंत्रणा ज्या सरकारच्या अखत्यारीत येतात, त्याचे ते प्रमुख. आमची मागणी साधी आहे. आळंदीपासून पंढरपुरापर्यंतच्या सगळ्या यंत्रणांची एक बैठक दरवर्षी पंढरपुरात व्हावी, मुंबईत नव्हे. तिथे नदीकाठच्या लोकांना आणि सफाई कामगारांना खुर्ची मिळावी आणि त्यांचे म्हणणे निकाली निघेपर्यंत बैठक संपू नये. पाण्याच्या तपासणीचे आकडे पुढच्या ज्येष्ठात पालख्या निघण्याआधी आळंदी, देहू आणि पंढरपूरच्या घाटांवर फलकावर लावावेत, कोणालाही वाचता येतील अशा अक्षरांत.