नमुना देशाचा, शंका मतदारसंघाची

६ एप्रिल २०२१ रोजी तमिळनाडू विधानसभेचे मतदान झाले. त्यानंतर चेन्नईत अड्यारलगतच्या वेलाचेरी मतदारसंघात स्कूटरवरून नेली जाणारी मतदान यंत्रे लोकांनी अडविली. त्यांतील व्हीव्हीपॅट काही काळ प्रत्यक्ष मतदानात वापरले गेले होते आणि त्यावर १५ मते नोंदली गेली होती. आयोगाने १७ एप्रिलला ९२ क्रमांकाच्या केंद्रावर फेरमतदान घेतले. शंका एका केंद्राची होती, उपायही त्या केंद्रापुरताच झाला.

व्हीव्हीपॅट पडताळणीचा देशव्यापी वाद याच मुद्द्यावर अडला आहे. शंका नेमकी कोणत्या समूहाविषयी आहे?

अड्यारहून दक्षिणेला जाणाऱ्या राजीव गांधी मार्गावर, सिरुसेरीत, चेन्नई गणितीय संस्था आहे. तिचे तत्कालीन संचालक राजीव करंदीकर हे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञ समितीत होते. देशभरातून सोडतीने निवडलेली ४७९ यंत्रे पडताळणीस पुरेशी आहेत, असा निर्वाळा या समितीने मार्च २०१९ मध्ये दिला. यंत्रे दहा लाखांहून अधिक आणि नमुना ४७९! ५० टक्के पडताळणी मागणाऱ्या २१ विरोधी पक्षांना हे पटणे शक्यच नव्हते.

गणित मात्र समितीच्या बाजूचे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, ती पातेले केवढे यावर अवलंबून नसते. दोन टक्के यंत्रे सदोष असतील, तर ४७९ यंत्रांत एकही सदोष न सापडण्याची शक्यता सुमारे सोळा हजारांत एक. एकूण यंत्रे दहा लाखांऐवजी वीस लाख असली तरी हे उत्तर फारसे हलत नाही.

पण भात एकाच पातेल्यातला हवा. निवडणूक जिंकली वा हरली जाते ती मतदारसंघात. तमिळनाडूतील निवृत्त सनदी अधिकारी के. अशोक वर्धन शेट्टी यांनी २०१८ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पडताळणी एका केंद्रावरून पाचांवर नेली. एखाद्या क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत आणि सहा यंत्रे, म्हणजे दोन टक्के, सदोष आहेत असे धरू. पाचांच्या नमुन्यात त्यांतील एकही न सापडण्याची शक्यता ९० टक्के आहे. तेथे ९९ टक्के खात्री हवी असेल तर १६० यंत्रे तपासावी लागतील. तेव्हा निम्म्या यंत्रांची मागणी, निदान या अर्थाने, वाटली तेवढी अडाणी नव्हती.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर १,४४० यंत्रांच्या पडताळणीत तफावत आढळली नाही, असे आयोगाने सांगितले. राज्यव्यापी गैरप्रकाराच्या आरोपाला हे भक्कम उत्तर आहे. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांना मात्र ते लागू पडत नाही, कारण त्यांचा प्रश्न त्यांच्या गावातील मतांविषयी होता. आयोग राज्याविषयी बोलतो, पराभूत उमेदवार मतदारसंघाविषयी. दोघेही एकाच आकड्याचा आधार घेतात.

न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी शंभर टक्के पडताळणीची मागणी फेटाळली, ती समजण्यासारखी आहे. निकाल दिवसेंदिवस लांबविणे कोणालाच परवडणारे नाही. पण नमुन्यात तफावत सापडली तर त्या केंद्रापुरती चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरायची, एवढेच नियम सांगतात. त्याच क्षेत्रातील उरलेल्या २९५ केंद्रांचे काय? नमुना वाढवायचा तो किती आणि कोणत्या टप्प्याला पूर्ण मोजणी घ्यायची, हे आयोगाने पुढच्या निवडणुकीच्या अधिसूचनेआधी लिहून जाहीर करावे. त्यासाठी एकही यंत्र बदलावे लागत नाही.